नसलेल्या बगचे ज्ञान

प्रोग्रॅममध्ये बग आहे हे सिद्ध व्हायला तो एकदा दिसला तरी पुरते. तो नाही, हे मात्र कशावरून ठरवायचे? डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७० च्या सुमारास बजावले होते, की चाचणीने दोषांचे अस्तित्व दाखवता येते, अभाव कधीच नाही. भारतीय दर्शनांत हा वाद फार जुना आहे. जमिनीवर घट नाही, हे ज्ञान कोणत्या प्रमाणाने होते? नैयायिकांच्या मते ते प्रत्यक्षानेच होते. सातव्या शतकाच्या आसपास होऊन गेलेले मीमांसक कुमारिल भट्ट त्यासाठी अनुपलब्धि (न आढळणे) हे वेगळे, सहावे प्रमाण मानतात आणि अद्वैत वेदान्तीही ते स्वीकारतात. दुसरे मीमांसक प्रभाकर तर अभाव हा स्वतंत्र पदार्थच मानत नाहीत. नुसती जमीन दिसते, एवढेच त्यांचे म्हणणे. या वादात कामाची ठरते ती एक अट: घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून काहीच ठरत नाही. अट पुरी झाली तरच ती योग्यानुपलब्धि.

हातात मावणाऱ्या संगणकांसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ही अट पावलोपावली आडवी येई. १९९६ साली आलेल्या पायलट १००० मध्ये रॅम होती अवघी १२८ केबी, आणि प्रोसेसर मोटोरोलाचा, १६ मेगाहर्ट्झचा. एवढ्या अपुऱ्या जागेत मधेमधे मोकळ्या फटी पडून राहू नयेत म्हणून त्याची कार्यप्रणाली, पाम ओएस, मेमरीतले तुकडे गरजेप्रमाणे सरकवत असे. त्यामुळे प्रोग्रॅमच्या हाती कायमचा पत्ता न देता हँडल दिले जाई. हँडल लॉक करायचे, पॉइंटर घ्यायचा, काम उरकले की अनलॉक करायचे, असा शिरस्ता होता. अनलॉक केल्यावरही कोणी जुनाच पॉइंटर वापरला तर? बहुतेक वेळा काहीच बिघडत नसे, कारण तुकडा अजून जागचा हललेला नसे. पत्ते नीट दिसत, तारखा नीट साठत. पुढे कधीतरी मेमरी भरत आली, की सिस्टिम तो तुकडा हलवी आणि प्रोग्रॅम भलत्याच माहितीवर लिहून मोकळा होई. बग पहिल्या दिवसापासून होताच. तो दिसावा अशी परिस्थिती तेवढी नव्हती. यावरचा तोडगा मोठा चतुर होता. चाचणीच्या वेळी पाम ओएसला अशा अवस्थेत ठेवता येई, की मेमरीत जरा फेरफार झाला तरी लॉक नसलेले सगळे तुकडे मुद्दाम हलवले जात. यात नवा बग निर्माण होत नसे; असलेला लपून राहत नसे.

सगळ्याच न दिसणाऱ्या गोष्टींना हा उपाय लागू पडत नाही. उदयनाचार्यांच्या न्यायकुसुमांजलीत ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही, हा आक्षेप याच अटीवर परतवला आहे: जो दिसण्याजोगाच नाही, त्याच्या न दिसण्याने काय सिद्ध होणार? युक्तिवाद बिनतोड आहे, पण त्याने ईश्वराचे अस्तित्व सिद्ध होत नाही, आणि उदयनही तेवढ्यावर थांबत नाहीत. जग हे कार्य आहे, तेव्हा त्याला कर्ता हवा, असे अनुमान ते वेगळे मांडतात. बगची गोष्ट निराळी. त्याची योग्यता, म्हणजे दिसण्याजोगेपणा, घडवून आणता येते.

अर्थात ती घडवताना फसगतही होते. आयफोनची नक्कल करणारा, २००८ पासून मिळू लागलेला सिम्युलेटर मॅकवरच, मॅकच्या प्रोसेसरवर आणि मॅकच्या फाइल सिस्टिमवर चाले. मॅकला सहसा फाइलच्या नावातल्या लहानमोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक पडत नाही, फोनला पडतो. नावात एक अक्षर लहानाऐवजी मोठे पडले, तरी सिम्युलेटरवर चित्र झळके आणि फोनवर मोकळी जागा दिसे. म्हणजे ही चूक सिम्युलेटरवर शंभरदा पाहूनही सापडली नसती. डीबगर जोडल्याने तर परिस्थितीच बदलते. उघडायला फार वेळ लावणारे अॅप आयओएस परस्पर बंद करते, पण डीबगर जोडलेला असताना हा पहारा उठवलेला असतो. पाहायला गेले की दोष नाहीसा होतो, आणि नजर हटली की परततो.

योग्यतेचा आणखी एक मार्ग म्हणजे यदृच्छा. अॅपलमध्ये स्टीव्ह कॅप्स यांनी १९८३ मध्ये ‘मंकी’ हा प्रोग्रॅम लिहिला; तो मॅकिन्टॉशवर वाटेल तशा क्लिक करत सुटे. पाम ओएसच्या एम्युलेटरमधले ‘ग्रेमलिन’ त्याच जातीचे. त्यांची यदृच्छा मात्र नावापुरतीच होती. प्रत्येक ग्रेमलिनला क्रमांक असे, आणि सुरुवातीची स्थिती तीच असेल तर त्या क्रमांकाचा ग्रेमलिन पुन्हा त्याच टिचक्या त्याच क्रमाने मारी. दैवयोगाने झालेला अपघात हवा तेव्हा पुन्हा घडवता येई. कारणाचा शोध त्यामुळेच शक्य होता. दुरुस्तीनंतर तोच क्रमांक पुन्हा सोडला आणि प्रोग्रॅम कोसळला नाही, म्हणजे बग गेला असे म्हणावेसे वाटते. पण ग्रेमलिन पडद्यावरची बटणे आणि रकाने पाहून पुढची टिचकी ठरवत. दुरुस्तीत एखादे बटण वाढले, एखादी सूचना आधी उघडली, की त्याच क्रमांकाची वाट बदले आणि बगच्या जागी ग्रेमलिन कदाचित पोचतच नसे. तेव्हा दुरुस्त केलेली ओळ या खेपेला खरोखर चालली का, हे आधी तपासावे लागे, आणि मगच बगची तक्रार निकाली काढता येई.