आवड आणि अट

चहाच्या बाबतीत आम्ही पूर्वी मुळीच चोखंदळ नव्हतो. पालीच्या एस.टी. स्टँडजवळच्या टपरीवर मिळेल तो, शाळेच्या मधल्या सुट्टीत येईल तो, घरी आले घालून उकळला जाईल तो, असा चहा पीत आमची तिशी उजाडली. मग काही वर्षांपूर्वी कुवेतला नोकरी करणाऱ्या मामेभावाने सुट्टीवर येताना एक पत्र्याचा डबा आणला. झाकण उघडले आणि लिंबाची साल नखाने खरवडल्यावर येतो तसा, पण त्याहून मऊ आणि थोडा फुलाकडे झुकणारा वास आला. गरम पाण्यात तीन-चार मिनिटे पाने ठेवून, दूध न घालता तो चहा प्यालो आणि आमचे मन त्यावर बसले ते बसलेच.

डबा दोन महिन्यांत संपला आणि शोध सुरू झाला. बल्लाळेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी पालीच्या बाजारात पोह्याचे पापड, मिरगुंडे, पेढे सारे काही मिळते. हा चहा मिळेना. खोपोलीत दुकानदाराने लिंबाच्या चवीची चहापावडर पुढे केली. पनवेलला मिळाला, पण त्याचा वास स्वस्त अत्तरासारखा उग्र होता. शेवटी रमजानच्या खरेदीसाठी मुंबईला गेलो असता महंमद अली रोडवरच्या एका दुकानात खजुराच्या खोक्यांमागे तोच डबा दिसला. ईदचा चाँद चार दिवस आधी दिसल्यासारखा आनंद झाला. आता मोबाईलवरून मागवला की तो घरपोच येतो. असो. शोधाची हकीकत एवढीच. तो चहा सापडल्यावर आमचे काय झाले, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

या चहाला अर्ल ग्रे म्हणतात आणि त्यातला वास बर्गामोट नावाच्या फळाचा. लिंबाच्या कुळातले हे झाड मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला, कलाब्रियाच्या किनारपट्टीत होते. फळ इतके आंबट आणि कडवट की सहसा कोणी नुसते खात नाही. त्याच्या सालीतले तेल काढतात. ते अत्तरात जाते आणि चहाच्या पानांनाही लावतात. नावातला अर्ल ग्रे म्हणजे १८३० ते १८३४ या काळातला ब्रिटनचा पंतप्रधान चार्ल्स ग्रे. त्याच्याच कारकिर्दीत १८३३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीची चिनी चहाच्या व्यापारातली मक्तेदारी संपुष्टात आली. मात्र या सुगंधी चहाशी त्याचा संबंध जोडणाऱ्या गोष्टींना ठोस पुरावा नाही. उलट, त्या काळात इंग्लंडमध्ये हलक्या चहाला बर्गामोट लावून तो भारी म्हणून खपवल्याच्या तक्रारी होत होत्या. जो वास आम्हाला उच्च अभिरुचीची खूण वाटत होता, तो कधीकाळी हलका माल झाकण्याच्याही कामी येत होता. हे आधी ठाऊक असते तर आम्ही थोडे जमिनीवर राहिलो असतो.

कारण आम्ही जमिनीवर राहिलो नाही. टपरीवरचा चहा नको, मित्राकडचा नको, लग्नघरातला तर नकोच, असे सुरू झाले. 'आम्ही दुधाचा घेत नाही' हे वाक्य आमच्या तोंडी बसले. ते उच्चारताना आत कुठे तरी थोडा गर्व वाटत असे, हेही कबूल केले पाहिजे.

अशातच आठवीतला एक विद्यार्थी आठवडाभर शाळेत आला नाही म्हणून त्याच्या घरी गेलो. वडील ट्रकवर कामाला, आई घरी. आम्हाला बसवून तिने मुलाला हळूच काही सांगितले. तो धावत बाहेर गेला आणि दुधाची पिशवी घेऊन आला. आम्ही हे पाहिले होते. कान शाबूत असलेल्या कपातून चहा पुढे आला आणि सवयीने आमच्या तोंडून निघून गेले, "नको, आम्ही दुधाचा घेत नाही. आम्हाला वेगळा चहा लागतो." "बरं, सर," म्हणून तिने कप उचलून आत नेला. त्यानंतर ती दाराशीच उभी राहिली आणि आम्ही विचारू त्याला फक्त हो-नाही म्हणत राहिली.

मुलगा दुसऱ्या दिवसापासून शाळेत येऊ लागला. पण पालकसभेला आई आली नाही. का आली नाही, असे विचारले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "अम्मी म्हणाली, सरांना आपल्या घरचं चालत नाही."

'चालत नाही' हे दोन शब्द आम्हाला नवे नव्हते. ईदच्या दिवशी काही परिचित घरी येतात, प्रेमाने गळाभेट घेतात, आणि शिरखुर्म्याची वाटी पुढे केली की "आत्ताच घेऊन आलो" म्हणतात. चहाचा कपही भरलेला राहतो. त्यातल्या कुणाला साखरेचा आजार असेल, कुणी खरोखरच खाऊन आला असेल. पण ते गेल्यावर आम्ही ते भरलेले कप मोजतो आणि त्यांच्या मनात काय असेल याचा हिशोब मांडतो. हे दुःख आम्हाला पाठ होते. तरीही तेच दुःख आम्ही एका गरीब बाईच्या पदरात टाकून आलो, आणि आमच्या ते लक्षातही आले नाही. नकार देणाऱ्याच्या मनात चव असते. ज्याला नकार मिळतो त्याच्या मनात मात्र स्वतःची जात, धर्म किंवा गरिबी येते.

तसे मनात यावे असाच आपल्या मुलखाचा इतिहास आहे. स्वातंत्र्यापूर्वी रेल्वे स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे मिळे, चहाही वेगळा. आमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. तिथे पाण्याच्या चवीचा प्रश्नच नव्हता. कोणी प्यावे आणि कोणी पिऊ नये, एवढीच अट होती. अशा मातीत परत गेलेला कप हा नुसता कप राहत नाही.

मग आवड असूच नये काय? नफ्साला लगाम घालावा आणि मिळेल ते गिळावे, असे सांगणारे वडीलधारे आमच्याकडे आहेत. आम्हाला ते पटत नाही. मौलाना अबुल कलाम आझादांचे उदाहरण घ्या. १९४२ ते १९४५ या काळात ते अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात कैदेत होते. तिथे लिहिलेल्या पत्रांचे 'गुबारे खातिर' हे पुस्तक १९४६ साली निघाले. त्यात चहावर पानेच्या पाने आहेत. पहाटे उठून ते स्वतःच्या हाताने चहा करीत. त्यांना 'व्हाइट जस्मिन' हा चिनी चहा लागे, तोही दुधाशिवाय, आणि दूध घातलेल्या चहाची त्यांनी यथेच्छ थट्टा केली आहे. इतका आवडीचा माणूस! पण याच माणसाने १९२१ साली अटक झाल्यावर सिगारेटची डबी जेलरला देऊन टाकली आणि पुढे दोन वर्षे सिगारेटला स्पर्श केला नाही. १९४३ साली कलकत्त्याला पत्नी मृत्युशय्येवर असताना तिला भेटू द्यावे, अशी विनंतीही त्यांनी सरकारकडे केली नाही. आवड त्यांनी मनापासून जपली, पण तिच्या हाती आपला लगाम दिला नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्रातही याची वाट सापडते. एकदा त्यांच्यापुढे घोरपडीसारख्या वाळवंटी प्राण्याचे भाजलेले मांस आले. त्यांनी हात मागे घेतला. हे निषिद्ध आहे काय, असे हजरत खालिद बिन वलीद यांनी विचारले. प्रेषितांनी नाही म्हटले. आपल्या लोकांच्या मुलखात हे मिळत नाही म्हणून आपल्याला रुचत नाही, एवढेच सांगितले. मग हजरत खालिद यांनी ते त्यांच्यासमोरच खाल्ले. स्वतःच्या रुचीचा त्यांनी दुसऱ्यासाठी नियम केला नाही, आणि कारण सांगताना समोरच्या अन्नाला नावही ठेवले नाही. याच प्रेषितांनी असेही सांगून ठेवले आहे की बकरीच्या पायासाठी कोणी बोलावले तरी आपण जाऊ. पहिल्या प्रसंगातून आवडीचा हक्क मिळतो, दुसऱ्यातून पाहुण्याचे कर्तव्य कळते. या दोहोंत विरोध आहे असे आम्हाला वाटत होते. आता तसे वाटत नाही.

आवड म्हणजे आपण आपल्या पैशाने, आपल्या घरी, आपल्या वेळी जपलेली गोष्ट. तिच्यामुळे कुणाचे काही जात नाही. पण तीच आवड आपण दुसऱ्याच्या उंबरठ्यावर घेऊन गेलो की तिची अट होते, आणि ती अट पुरी करण्याची ऐपत समोरच्याची नसेल तर तिचा अपमान होतो. ज्याला प्रकृतीमुळे खरेच चालत नाही त्याने जरूर नाही म्हणावे. मात्र त्या नकाराबरोबर त्या घरचे दुसरे काही मागून घ्यावे. निदान पाणी तरी. मागणाऱ्याचा हात पसरलेला दिसला म्हणजे देणाऱ्याची मान खाली जात नाही.

सहामाही परीक्षेनंतर मुलाचा निकाल घेऊन आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. काम झाले तरी उठलो नाही. "चहा मिळेल का?" असे आम्हीच विचारले. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "दुधाचाच आहे, सर." आम्ही म्हटले, "चालेल."

चहा फार गोड होता आणि त्याला चुलीच्या धुराचा वास होता. आम्हाला तो आवडला नाही, आणि आवडला असे खोटेही बोललो नाही. सगळा प्यालो. पुढच्या पालकसभेला ती पहिल्या बाकावर येऊन बसली होती.