वादळातली उशी

आजचं वचन : मार्क ४:३५-४१

मार्चमध्ये माझी नोकरी गेली. घराचा हप्ता चालू, बायकोला सातवा महिना. रोज रात्री तीनला जाग यायची. आधी मोबाइलवर मेल बघायचो, मग प्रार्थना : प्रभू, एक ऑफर लेटर दे, म्हणजे मला शांती मिळेल.

अशाच एका रात्री हा उतारा वाचला. गालील समुद्र पातळीने जगाच्या समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २०० मीटर खाली, भोवती डोंगर. त्यामुळे वारा अचानक खाली झेपावतो. तारवात पाणी भरतंय आणि येशू झोपलाय. डोक्याखालच्या उशीची आठवण फक्त मार्कनेच लिहून ठेवली आहे. शिष्य त्याला उठवून विचारतात, तुला आमची काळजी नाही का? माझाही प्रश्न हाच होता.

वादळ नंतर शांत झालं. शांती मात्र आधीपासूनच तारवात होती, उशीवर डोकं टेकून.

ऑफर लेटर अजून आलेलं नाही. पण त्या रात्री मी मोबाइल स्वयंपाकघरात ठेवून आलो आणि सकाळपर्यंत झोपलो.

आज झोपण्याआधी तुमची काळजीही प्रभूला नाव घेऊन सांगा. मग दिवा बंद करा. तो तारवातच आहे. आमेन.