पाळक कोणत्या मंडळीचा?

इ.स. 391 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो या बंदराच्या गावी ऑगस्टीन नावाचा एक विद्वान गृहस्थ आला होता. जिथे बिशपची जागा रिकामी असेल तिथे लोक आपल्याला धरतील, या धास्तीने तो अशी गावे टाळत असे. हिप्पोला बिशप होता, म्हणून तो निर्धास्त होता. पण वृद्ध बिशप वालेरियस यांनी आपल्याला हाताशी एक धर्मगुरू हवा असल्याचे बोलून दाखवले आणि लोकांनी ऑगस्टीनला धरून पुढे नेले. तो रडू लागला. काहींना वाटले, बिशपपद मिळाले नाही म्हणून रडतो आहे. त्यांनी त्याची समजूतही काढली. हे सारे त्याचा शिष्य पोसिडियस याने त्याच्या चरित्रात नोंदवले आहे.

आज गुरुदीक्षा म्हटली की वेगळेच चित्र डोळ्यांपुढे येते. एका तरुणाला अंतरी पाचारण होते, तो सेमिनरीत वर्षानुवर्षे शिकतो, आणि एके दिवशी वेदीपुढे पालथा पडतो. संतांची प्रार्थनामाला संपते, बिशप त्याच्या मस्तकावर मूकपणे हात ठेवतात, तळहातांना तेलाचा अभ्यंग करतात. हा विधी पाहणाऱ्याचे मन भरून येतेच. पण त्यात लोक कुठे असतात? बाकांवर, पाहुण्यांसारखे. हिप्पोत हाक त्यांच्या तोंडून आली होती.

दीक्षेच्या इतिहासाकडे पाहताना मला हाच प्रश्न सतत खुणावतो. माणूस लायक आहे की नाही, हे नंतर पाहू. तो कोणत्या मंडळीसाठी, ते आधी ठरले पाहिजे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात सात जणांवर हात ठेवले गेले, त्याला निमित्त झाले ग्रीक बोलणाऱ्या विधवांचे. रोजच्या वाटपात त्यांना डावलले जात होते. माणसे मंडळीने निवडली, प्रेषितांनी प्रार्थना करून हात ठेवले. 451 च्या कॅल्सेडन परिषदेने तर स्पष्ट नियमच केला: एखादे चर्च, हुतात्म्याचे स्मारक किंवा मठ नेमून दिल्याशिवाय कुणालाही दीक्षा देऊ नये, आणि दिलीच तर ती निष्फळ समजावी. या नियमाइतके नेमके वाक्य दीक्षेबद्दल पुढे क्वचितच लिहिले गेले.

पुढे दीक्षा आणि मंडळी यांची गाठ सैल झाली. 1179 च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेपर्यंत चिंता बदलली होती. दीक्षा घेणाऱ्याच्या उदरनिर्वाहाची सोय आहे का, हे विचारले जाऊ लागले. 1439 मध्ये फ्लॉरेन्स परिषदेच्या एका आदेशात दीक्षेचे मर्म द्राक्षारसाचा प्याला आणि भाकरीची थाळी हाती देण्यात आहे असे सांगितले गेले. हातांची जागा पात्रांनी घेतली. धर्मगुरू म्हणजे मंडळीने नेमलेला माणूस यापेक्षा ज्याच्यापाशी एक अधिकार आहे असा माणूस, हा समज पक्का होत गेला. ल्यूथरने 1520 मध्ये सर्व विश्वासणारे याजकच आहेत असे बजावले, ते धर्मगुरू आणि लोक यांच्यात उभ्या राहिलेल्या या भिंतीविरुद्धच. रोमन कॅथलिक चर्चनेही 1947 मध्ये पोप बारावे पायस यांच्या आदेशाने हात ठेवण्यालाच मूळ स्थान परत दिले.

अधिकार म्हटला की तो कुणाला नाकारायचा, हेही आलेच. दिवाडी बेटावरचे मातेउस द कास्त्रो जन्माने ब्राह्मण. गोव्यात दीक्षेचे दार बंद दिसल्यावर ते रोमला गेले, तिथे धर्मगुरू झाले आणि 1637 मध्ये बिशपही. पदवी मिळाली ती दूरच्या क्रिसोपोलिसची, काम मात्र आदिलशाही मुलुखातले. गोव्याच्या चर्च-सत्तेने त्यांना मानले नाही, म्हणून त्यांनी डिचोलीत बस्तान बसवले. ज्या गावाचे ते बिशप होते तिथे त्यांची मंडळी नव्हती, आणि जिथे त्यांची माणसे होती तिथे त्यांचा शब्द चालत नव्हता. कॅल्सेडनचा नियम मोडला की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

अहमदनगरला 1854 मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना अमेरिकन मराठी मिशनमध्ये पाळकीय दीक्षा मिळाली. त्याच सुमारास हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले होते. स्थानिक मंडळीने आपला खर्च, आपला कारभार आणि आपला प्रसार स्वतःच सांभाळावा, हा त्यांचा आग्रह. प्रश्न पुन्हा तोच होता: पगार मिशनचा असेल तर पाळक मंडळीचा कसा? नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमुदाय काढला, त्यामागे हाच सल होता असे मी मानतो. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात यावेत अशी त्यांची इच्छा होती.

स्त्रियांच्या दीक्षेचा वाद आपण बहुधा हक्काच्या भाषेत मांडतो. अँग्लिकन चर्चमधली पहिली घटना मात्र गरजेपोटी घडली. युद्धामुळे मकावमध्ये निर्वासितांची गर्दी होती, आणि तिथे धर्मगुरू पोहोचू शकत नव्हता. तिथल्या मंडळीचे काम डीकन फ्लॉरेन्स ली टिम-ओई सांभाळत होत्या. बिशप रोनाल्ड हॉल यांनी 1944 च्या जानेवारीत त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा दिली. युद्ध संपल्यावर विरोध झाला आणि त्यांनी धर्मगुरू म्हणून काम करणे थांबवले. ज्यांना त्यांच्या हातचा प्रभुभोज मिळाला, त्यांचे मत कुणी विचारले होते का?

2019 मध्ये कॅथलिक बिशपांच्या अ‍ॅमेझॉन सिनडमध्ये मंडळीच्या गरजेचा हाच प्रश्न नव्याने उभा राहिला. जंगलातल्या कित्येक वस्त्यांना महिनोन्‌महिने मिस्सा लाभत नाही. तिथल्या आदरणीय, संसारी पुरुषांना दीक्षा द्यावी, असा ठराव दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी संमत झाला. पुढच्या वर्षीच्या आपल्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी तो उचलून धरला नाही. ब्रह्मचर्याच्या परंपरेचे मोल मी कमी लेखत नाही. पण एका पारड्यात शिस्त आणि दुसऱ्यात भाकरीवाचून राहिलेली मंडळी असेल, तर सहाव्या अध्यायातल्या प्रेषितांनी काय केले असते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.