पाहणे आणि घेणे

बदलीच्या नोकरीत गावे येतात आणि जातात. हाती उरतात ती छायाचित्रे. गुम्मिडिपूंडीस आल्यावर एका रविवारी कॅमेरा घेऊन मी पळवेर्काडूच्या, म्हणजे पुलिकतच्या, मासळीबाजारात गेलो आणि दुपारी पश्चिमेकडील नागलापुरमच्या डोंगरांत. डोंगरांनी काही हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती बाजारातील एका वृद्ध कोळिणीने. कॅमेरा रोखताच तिने तळहात पुढे केला व म्हटले, ‘वेंडाम्’. मला येणाऱ्या मोजक्या तमिळ शब्दांपैकी हा एक : नको. परंतु तोवर कळ दाबली गेली होती. घरी येऊन पाहतो तो दिवसभरातील सर्वांत उत्तम चित्र तेच!

ते ठेवण्याचा मला अधिकार आहे काय? भर बाजारात बसलेल्या माणसास पाहण्यास परवानगी लागत नाही, मग चित्र घेण्यास का लागावी, असा युक्तिवाद मी स्वतःशी करून पाहिला. तो टिकला नाही. मी तिला पाहतो तेव्हा तीही मला पाहते. तो व्यवहार बरोबरीचा. चित्र घेतले की तिचा चेहरा माझ्याबरोबर निघून जातो, आणि तो कोणास दाखवावा यात तिला काही विचारले जात नाही.

पुलिकतला डचांनी १६१३ मध्ये किल्ला बांधला. त्यावरून मला दुसरा एक डच आठवला. स्नूक हुर्गरोन्ये हा अरबी विद्येचा पंडित १८८५ मध्ये मक्केत राहिला. तेथील वैद्य अब्द अल्-गफ्फार यांनी घेतलेली मक्केची छायाचित्रे त्याने पुढे युरोपात प्रसिद्ध केली. मात्र वैद्यांचे नाव दिले नाही, चित्रांवरील त्यांची स्वाक्षरीही पुसली गेली. हुर्गरोन्ये मोठा व्यासंगी होता. परंतु मक्केस तो पुन्हा गेला नाही. त्या वैद्यांच्या डोळ्याला डोळा भिडविण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नाही.

मला वाटते, मर्म येथेच आहे. गावात राहणारा मनुष्य शेजाऱ्याचे ओरबाडताना कचरतो, कारण उद्या त्याच्याच दारावरून जावयाचे असते. आपण बदलीवरची माणसे या बंधनातून सुटलेली. हुकूम आला की सामान बांधावे आणि निघावे. म्हणून गावकऱ्याच्या बाबतीत जे काम लाज करते, ते आपल्या बाबतीत विवेकास करावे लागते. परमुलखात आपल्यावर पहारा करणारे दुसरे कोणी नसते.

मी ते चित्र पुसून टाकले. हळहळ वाटली, खोटे कशास सांगू, अजूनही वाटते. पुढल्या रविवारी त्याच बाजारात मासळी घेण्यास गेलो. तिने मला ओळखले किंवा नाही, कोण जाणे. पण तिच्यासमोरून जाताना मला मान खाली घालावी लागली नाही.