एकाच बाजूची मदत

मानसोपचारातले नाते फी देऊन, वेळ ठरवून सुरू होते. तरीही ते दोन माणसांचे खरे नाते असू शकते का? १८ एप्रिल १९५७ रोजी मिशिगन विद्यापीठातल्या जाहीर संवादात तत्त्वज्ञ मार्टिन बूबर आणि मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचा मतभेद झाला तो याच प्रश्नावर.

समोरच्याकडे वस्तू म्हणून पाहणे हे ‘मी-ते’, पूर्ण माणूस म्हणून त्याला सामोरे जाणे हे ‘मी-तू’, असा भेद बूबर यांनी १९२३ मध्ये मांडला होता. रॉजर्स म्हणत, उपचार खरोखर लागू पडतो त्या क्षणी दोघेही समान पातळीवर असतात. क्लायंटला स्वतःचे जगणे जसे दिसते, त्याला थेरपिस्टच्या दृष्टीइतकेच मोल असते. बूबर यांना हे पटले नाही. मदत मागायला एकच जण आलेला असतो. थेरपिस्ट दोन्ही बाजूंनी पाहू शकतो, क्लायंट नाही. १९५७ मध्येच, ‘मी-तू’चा भेद मांडणाऱ्या आपल्या ग्रंथाला जोडलेल्या लेखात त्यांनी म्हटले, की हे नाते पूर्णपणे दुतर्फा झाले तर उपचारच संपतो.

बूबर यांचा हा मुद्दा बिनतोड आहे. क्लायंट बसता बसता विचारतो, “मॅडम, आज चेहरा उतरलेला दिसतोय, बरं आहे ना?” समजा, मॅडमची आई आजारी आहे. “काही नाही” म्हणणे खोटे. सगळे सांगितले तर तो तास त्यांचाच होतो, आणि घरादाराची काळजी वाहून थकलेल्या क्लायंटवर आणखी एक ओझे पडते. “हो, दमलेय थोडी, पण माझं लक्ष तुमच्याकडेच आहे. बोला,” एवढे पुरते. थेरपिस्टने मुखवटा घालू नये हा रॉजर्स यांचा आग्रहही त्यात सांभाळला जातो.

मात्र माणूस म्हणून क्लायंटचे मोल जराही कमी नसते, आणि तिथे रॉजर्स बरोबर आहेत. विनाअट स्वीकार त्यांना पायाभूत वाटे. बूबर यांना तेवढ्याने भागत नव्हते: माणूस आज जसा आहे तसा स्वीकारून, तो जे होऊ शकतो त्याच्या बाजूनेही उभे राहावे, प्रसंगी त्याच्या आजच्या रूपाशी झगडून. हे जोखमीचे आहे. तो काय होऊ शकतो हे थेरपिस्टने परस्पर ठरवले, की क्लायंट पुन्हा ‘ते’ होतो. म्हणून “मला हे पटत नाही” असे त्याला न घाबरता म्हणता आले पाहिजे, आणि ते ऐकून थेरपिस्टने आपला अंदाज बदलायला तयार असले पाहिजे.