भिंतीवरच्या बायका

कैरोच्या विमानतळावरून शहरात येताना टॅक्सीवाल्याला मी पहिलाच प्रश्न विचारला, "आता बरं आहे ना?" मार्च 2012. क्रांतीत राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक पायउतार झाले त्याला तेरा महिने झाले होते. त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, नोव्हेंबरातल्या निवडणुकीत तो सात तास रांगेत उभा होता. आपल्या मताला किंमत आहे असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मग जरा थांबून म्हणाला, "पण गिऱ्हाईक नाही." या दोन वाक्यांमध्ये त्याने 'पण' घातला खरा, तरी त्याच्या सुरात तक्रार नव्हती. दोन्ही गोष्टी त्याच्या होत्या. एका शब्दात उत्तर हवं होतं ते मला.

गिऱ्हाईक नव्हतं हे आमच्या पथ्यावर पडलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. 2010 साली इजिप्तमध्ये सुमारे 1 कोटी 47 लाख पर्यटक आले होते, 2011 मध्ये तो आकडा 98 लाखांच्या आसपास घसरला. म्हणून तर नाईलवरच्या बोटीचं भाडं आम्हाला परवडलं. कैरोच्या संग्रहालयात तूतनखामेनच्या सोन्याच्या मुखवट्यासमोर आम्ही दोघं आणि पहारेकरी, एवढेच होतो. त्या शांततेचा आनंद झाला आणि तो खोटा नव्हता. पण संग्रहालयाच्या बाहेर आलं की शेजारी जळून काळी पडलेली मोठी इमारत दिसायची. ते मुबारक यांच्या पक्षाचं मुख्यालय. 28 जानेवारी 2011 ला ते पेटलं, संग्रहालयात चोर शिरले, तेव्हा साधी माणसं हातात हात गुंफून संग्रहालयाभोवती उभी राहिली. आम्ही तिकीट काढून जे पाहिलं, ते त्या हातांनी राखलेलं होतं.

तहरीर चौकातून निघणाऱ्या मोहम्मद महमूद रस्त्यावर मी मुद्दाम गेलो. नोव्हेंबर 2011 मध्ये तिथे पोलिसांच्या छऱ्यांनी कित्येकांचे डोळे गेले होते. अमेरिकन विद्यापीठाच्या लांबलचक भिंतीवर चित्रं होती. 1 फेब्रुवारीला पोर्ट सईदच्या मैदानात फुटबॉल सामन्यानंतर सत्तरहून अधिक माणसं मारली गेली. त्यांतल्या तरुण मुलांचे चेहरे भिंतीवर पंखांसकट काढले होते. त्याच भिंतीवर लक्सरला चित्रकला शिकवणारे अला अवाद यांनी प्राचीन थडग्यांच्या शैलीत शोक करणाऱ्या बायका रंगवल्या होत्या. काळ्या कपड्यांतली एक बाई एका मुलाच्या रंगवलेल्या गालावरून हात फिरवत होती. मी कॅमेरा खाली घेतला. दुसऱ्याच्या सुतकात आपण उगाच उभे आहोत, असं वाटलं. तिने ते पाहिलं आणि जवळजवळ रागानेच म्हणाली, "सव्वर! सव्वर!" फोटो काढ. मी काढला. तो मुलगा तिचा कोण होता हे विचारायची भाषा माझ्याकडे नव्हती, आणि भाषा असती तरी धीर झाला नसता.

लक्सरला नदीकाठी टांग्यांची रांग लागलेली होती आणि घोड्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. एका टांगेवाल्याने पन्नास पौंड सांगितले, मी सवयीने घासाघीस करून वीसवर आणले. तो लगेच तयार झाला, तिथेच मला कळायला हवं होतं. अर्ध्या वाटेवर त्याने टांगा थांबवून पिशवीतला उरलेला हिरवा चारा घोड्यापुढे टाकला. उतरताना मी पन्नास दिले. ते त्याने मुकाट्याने खिशात घातले आणि उद्या किती वाजता येऊ, एवढंच विचारलं. कैरोतल्या त्या बाईला मी साक्षीदार म्हणून हवा होतो, याला गिऱ्हाईक म्हणून. परका माणूस म्हणून तिथे काय करावं याची माझी कल्पना दोघांच्याही उपयोगाची नव्हती. क्रांती झालेल्या देशात संकोचाने, नजर खाली घालून फिरणं मला सभ्यपणाचं वाटत होतं. त्या सभ्यपणाने घोड्याला चारा मिळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पश्चिम काठावर रामोसेच्या थडग्यात गेलो. रामोसे हा तिसऱ्या आमेनहोतेपचा वजीर. भिंतीवर त्याची अंत्ययात्रा आहे, तिच्यात रडणाऱ्या बायकांचा घोळका. हात वर केलेले, गालांवर आसवांच्या रेघा. त्यांच्यात एक लहानगी मुलगी. सव्वातीन हजार वर्षांहून जुन्या या बायका मी ओळखल्या. कैरोतल्या भिंतीवर त्यांच्याच कुळातल्या बायका पाहून आलो होतो.

मोहम्मद महमूद रस्त्यावरची ती भिंत सप्टेंबरात सरकारने रंग फासून पुसून टाकली, आणि काही तासांतच चित्रकार तिथे पुन्हा रंगवायला आले. हे मी पुण्यात वर्तमानपत्रात वाचलं. तेव्हा तो फोटो शोधून काढला. बाईचा हात गालावर आहे, चेहरा माझ्याकडे वळलेला. मागे, जरा पुसट, हात वर केलेल्या त्या बायका आहेत.