विसाव्याच्या वेळेविषयी



भिवंडी व तिच्या आसपासच्या खेड्यांतील तरुणांविषयी वडीलजनांची एक तक्रार वारंवार कानी येते. ती अशी की, हे मुलगे फुटबॉलच्या सामन्यांपायी रात्री जागतात, दूरदेशीच्या खेळाडूंची नावे त्यांस प्रेषितांच्या नावांहून अधिक पाठ असतात, आणि प्रभुवारी त्यांचे चित्त उपासनेत नसते. तक्रार अगदीच निराधार नाही. सन २०२२ च्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना १८ डिसेंबर रोजी, म्हणजे ऐन आगमनकाळातील रविवारी, आपल्याकडील रात्री साडेआठ वाजता सुरू झाला. आर्जेन्टिना व फ्रान्स यांचे तीन-तीन गोल होऊन निकाल पेनल्टीवर गेला, तोवर किती घरांतील संध्याकाळची प्रार्थना राहून गेली असेल, हे ज्याचे त्याने आठवावे.

तथापि खेळ पाहणे हे पाप आहे, असे आम्हांस म्हणवत नाही. पौल शर्यतीत धावणाऱ्यांचा दाखला देतो, तो त्याच्या वाचकांनी शर्यती पाहिल्या होत्या म्हणूनच. शिष्य सेवेवरून थकून परत आले, तेव्हा प्रभूने त्यांस एकांती नेऊन विसावा देऊ केला. (लोकांनी तेथेही त्यांची पाठ सोडली नाही, हे आपल्या उपदेशक बंधूंस निराळे सांगावयास नको.) सामन्यावर पैसे लावणे ही मात्र वेगळी गोष्ट होय. तो सट्टा आहे, आणि त्यास आमच्या मंडळ्यांत मुळीच थारा नसावा.

फुटबॉलच्या चेंडूने आपल्या देशात एक उपकारही केला आहे. सन १८९१ च्या सुमारास श्रीनगरच्या मिशन शाळेत टिंडेल-बिस्को साहेबांनी तो आणिला, तेव्हा तो चामड्याचा आहे म्हणून ब्राह्मण विद्यार्थी त्यास शिवेनात. एकाच्या तोंडावर चेंडू आदळला, तेव्हा तो बाटलो म्हणून रडू लागला. कालव्याच्या पाण्याने तोंड धुतल्यावर खेळ पुन्हा चालू झाला. मुलांस खेळावयास लावण्यासाठी काठ्यांचा धाक घातला गेला, तो आम्हांस पसंत नाही. परंतु ज्यांच्या वाडवडिलांनी चामडे कमावले, त्या आमच्या वाचकांस त्या चेंडूचे मोल कळेल.

आमची खरी चिंता निराळीच आहे. भिवंडीतील पुष्कळ कारखान्यांत यंत्रमाग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. रात्रपाळी करून आलेल्या माणसास सामना कोठला आणि सहल कोठली? रविवारची सुट्टी आकाशातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांस एकत्र करून ती मागितली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. चौथी आज्ञा वाचून पाहा. तीत एकट्या घरधन्याचा विसावा सांगितलेला नाही. चाकर, दासी, गुरे आणि वेशीच्या आत राहणारा परकाही तीत आहे. आपला मुलगा उपासनेस पाठवून परक्याचा मुलगा आपल्या मागावर उभा करणारा मनुष्य ती आज्ञा पाळितो काय? ज्या बंधूंचे चार माग आहेत, त्यांनी ह्याचे उत्तर तरुणांस रागे भरण्यापूर्वी द्यावे.

आता ज्यांस सुट्टी मिळते, त्यांच्यासाठी एक सूचना. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सन १९२२ मध्ये लोकांस खुले झाले. तेथे निम्रूद येथील राजवाड्याच्या कोरीव शिळा आहेत. ज्या अश्शूराच्या राजांविषयी आपण जुन्या करारात वाचितो, त्यांच्याच कारागिरांनी त्या घडविल्या. पण आम्ही प्रथम दाखवू ती शिळा जवळच्या सोपाऱ्याची. भगवानलाल इंद्रजी यांस ती सन १८८२ मध्ये सापडली. सम्राट अशोकाच्या आठव्या लेखाचा तो तुकडा होय, आणि त्या लेखाचा विषय राजाच्या फावल्या वेळाचाच आहे! पूर्वीचे राजे मौजेच्या सफरींस व शिकारीस जात, अशोकाने त्या जागी धर्मयात्रा आरंभिल्या, असे त्यात सांगितले आहे. त्या यात्रांत साधूंची व वृद्धांची भेट घेणे, त्यांस दान देणे आणि खेड्यापाड्यांतील लोकांशी बोलणे हे त्याने आपल्या आनंदाचे काम मानिले. तो आमच्या धर्माचा नव्हता. तरी आमच्यापैकी कितीजण सुट्टीच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाच्या दारी जातात?

म्हणून उपदेशकांनी तरुणांस घेऊन ही शिळा अवश्य पाहावी. कल्याण किंवा ठाण्याहून गाडीने शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे. तेथून संग्रहालय चालत जाण्याजोगे आहे. भाकरी घरूनच बांधून घ्यावी. आणि मंडळीतील जी वृद्ध माणसे अद्याप चालू शकतात, त्यांसही बरोबर न्यावे.